कुजक्या पट्ट्याची पिशवी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कळंब,
शुक्रवार, ता. १ नोव्हेंबर १९४६

चि. शरणबसप्पा यास शांतलिंगचे अनेक आशीर्वाद.

जवळजवळ दोन वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी आधी मागतो. श्रावणात गंगम्मामावशी गेली तेव्हा तुझं कार्ड मिळालं होतं. मी आलो नाही. त्या दिवशी रोजनिशीत ‘शाळेची तपासणी’ असं कारण लिहिलं आहे. तपासणी खरी होती, कारण खोटं होतं. तू प्रेमानं शिवून दिलेली पिशवी मी तुला परत पाठवली, वर चिठ्ठी टाचली, ‘याच पट्ट्यानं माझा गळ्यातला शिवदोरा तुटला आणि इष्टलिंग डोंगरात गेलं.’ मावसभावाला असं लिहिणाऱ्यानं मावशीच्या मातीला कुठल्या तोंडानं यायचं?

आता लिहितोय तेही कामासाठीच. लपवत नाही.

आमचं डोंगर हिंडणारं मंडळ तुला ठाऊक आहे. सात जण आहोत, म्होरक्या महांतप्पा वकील. येत्या १० जानेवारीच्या शुक्रवारी, सुट्टीला जोडून, छोट्या गाडीनं येडशीला उतरायचं, रामलिंगच्या दरीत जायचं, पलीकडची धार चढून बालाघाटाच्या काठाकाठानं तेरखेड्यापर्यंत चालायचं. तीन मुक्काम उघड्यावर. आजवर कुणी वळकटी डोक्यावर घ्यायचा, कुणी गाठोडं काठीला अडकवायचा. लढाई संपल्यावर सोलापुरात लष्कराचा डिस्पोजलचा माल निघालाय, त्यात पाठीवरच्या पिशव्या स्वस्तात मिळतात, असं कुणीसं सांगितलं. त्या निवडून आणायचं काम वकिलानं भर बैठकीत माझ्यावर टाकलं. “मास्तरांवर सोपवा. पिशवीचा अनुभव त्यांच्याइतका कुणाला आहे?” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन ते हसणं रोजनिशीत लिहिलं तेव्हा लेखणीचं टोक कागदात रुतलं.

तू तिथं नव्हतास, म्हणून सांगतो. पंचेचाळीसच्या जानेवारीत तुझी पिशवी पाठीवर घेऊन ती धार चढताना हा वकील माझ्या मागं होता. “मास्तर, बाळंतिणीसारखा पट्टा ढिला काय बांधलाय?” म्हणून यानं छातीवरचा आडवा पट्टा खसकन ओढला. वर पोचून आंघोळीला गेलो आणि गळ्याला हात लावला तर शिवदोरा नाही, लिंग ठेवायची चांदीची करडगी नाही, लिंग नाही. अंगावर लिंग नाही म्हणजे अन्न नाही, पाणी नाही, हे तुला शिकवायला नको. दोन दिवस मी कोरडा बसलो. बाकीचे हुरडा भाजत होते. आणि परत आल्यावर या माणसानं, ज्याच्या स्वतःच्या गळ्यात लिंग आहे त्यानं, अदालतीच्या ओसरीवर डोळे मिटून, मान पाडून माझी नक्कल केली. तेव्हापासून कुठंही भेटला की एकच प्रश्न, “मास्तर, देव सापडला का?”

मी चव्वेचाळीस वर्षांचा, कॉलेजात शिकलेला, मुलांना संयमावर निबंध लिहायला लावणारा माणूस. ‘सूड’ हा शब्द मी रोजनिशीत लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. आता खोडत नाही.

पिशव्या सात हव्यात, एकसारख्या आणि परवडणाऱ्या. मंडळात दोघं कारकून आहेत, त्यांच्या पगाराकडं बघून निवड. काय बघून घ्यायची ते सविस्तर कळव.

तुझा,
शांतलिंग


सोलापूर,
ता. ११ नोव्हेंबर १९४६

ती. शांतलिंगअण्णांस शरणबसप्पाचे शरणार्थ.

पाकिटावरचं अक्षर बघून वाटलं, तिकडं कोण गेलं की काय. फोडलं तर पिशव्या! चला, तेवढ्यासाठी का होईना, आठवण झाली.

तुमची चिठ्ठी टाचणीसकट तशीच आहे, अण्णा. ती पिशवी बी दुकानात खुंटीला आहे. दोन वर्षं हात लावला न्हाय. एखादं गिऱ्हाईक विचारतं, ही केवढ्याला? मी सांगतो, ही विकायची न्हाय, ही बघायची.

आता कामाचं. तीन जातीचा माल बघितला.

एक अमेरिकन, लाकडी चौकटीची. बघायला राजेशाही. तिच्यात सगळा संसार मावतो, म्हणून माणूस सगळा संसार भरतो आणि मग वाटेत रडत बसतो. किंमत बी तशीच. सोडून द्या. दुसरी एका खांद्याची झोळी. लई स्वस्त, पण तीन दिवसांत एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली येईल. तिसरी इंग्रजी, मध्यम, दोन पट्ट्यांची. कापड जाड, पावसाचं पाणी चटकन आत येत न्हाय, पाठीकडच्या बाजूला आत एक कप्पा. छातीवर आडवा पट्टा न्हाय. हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. हीच घ्या. अमेरिकन एकीच्या पैशात या चार येतात.

पिशवी रिकामी बघून कधी घेऊ नये. दहा शेर ज्वारी भरून, पाठीवर टाकून मी आमचा माडीचा जिना चार वेळा चढलो. तुमची भावजय नागम्मा खाली पीठ चाळत होती. म्हणाली, “डोंगर त्यांचा आणि धाप तुम्हाला?” पण कळलं. पिशवी कमरेच्या वरच राहिली पाहिजे, खाली लोंबली की माणसाला मागं ओढते. आणि पट्टा बघायचा तो मधे न्हाय, मुळाशी. जिथं पिशवीला शिवलाय तिथं दुहेरी टाका पाहिजे. सगळा भार तिथं असतो.

सहा चोख निवडल्या. सातवी मिळाली ती वाया गेलेली. उजव्या पट्ट्याच्या मुळाशी बॅटरीचं तेजाब सांडलंय. वरून खाकी रंग फासलाय म्हणून नवी दिसते, पण अंगठ्यानं जोर दिला की आतलं सूत राखेसारखं कुरकुरतं. डोंगरात पहिल्या उडीला जाईल. ती फाडून ठिगळांना वापरीन म्हणतो. सातवी चांगली दुसरी बघतो.

अव्वानं, तुमच्या गंगम्मामावशीनं, शेवटपर्यंत सोमवारचा उपास सोडला न्हाय. तुमची आठवण काढायची.

तुमचा,
शरणबसप्पा


कळंब,
ता. २० नोव्हेंबर १९४६

चि. शरणू यास आशीर्वाद.

तुझं पत्र मंडळापुढं वाचलं. ज्वारी भरून जिना चढलास ते ऐकून कारकून मंडळी खूश झाली. तिसरी जात ठरली. पैसे इंग्रजी कळदार रुपयांत हुंडीनं पाठवतोय.

एक विनंती. ती तेजाब सांडलेली पिशवी फाडू नकोस. सातवी म्हणून तीच पाठव. शाळेत मुलांना वस्तुपाठ द्यायचा आहे, वरून चांगली दिसणारी वस्तू आतून कशी असते त्याचा. रंग पुसू नकोस, पट्ट्याला हात लावू नकोस. ओळखू येईल अशी खूण मात्र कर, तोंडाशी, वरच्या शिवणीत एखादा लाल दोरा.

‘सातवी म्हणून’ हे शब्द लिहून मी थांबलो. पाठवणार सात, चालणारे सात, तर वस्तुपाठाला उरणार काय, असं तू विचारशील. सातव्यासाठी मी इथं सोय करीन.

काल वकील शाळेत आला होता, त्याच्या पुतण्याच्या दाखल्यासाठी. जाताना वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाला, “पोरांनो, मास्तरांना भूगोल विचारा. डोंगरात काय काय हरवतं ते त्यांना तोंडपाठ आहे.” चाळीस मुलं हसली. मी फळ्याकडं तोंड करून नद्यांची नावं लिहीत राहिलो. सीना दोनदा लिहिली.

तुझा,
शांतलिंग


सोलापूर,
ता. ४ डिसेंबर १९४६

ती. अण्णांस शरणार्थ.

पैसे मिळाले. तुम्ही म्हणता तशी सातवी पाठवीन. लाल दोरा घालीन.

वस्तुपाठ कुणाला द्यायचाय ते मी विचारत न्हाय. तुम्हीच सांगा, सांगायचं असेल तर.

माझं एक विचारणं आहे. मी पट्टे शिवून पोट भरतो, म्हणून विचारतो. त्या वेळी शिवदोरा कसा तुटला, अण्णा? नेमकं सांगा. तुटलेली टोकं तुम्ही बघितली होती का? कापल्यागत होती का झिजल्यागत? माझ्या हातून काय चुकलं ते मला कळलं पाहिजे.

शरणबसप्पा


कळंब,
ता. १३ डिसेंबर १९४६

चि. शरणू यास आशीर्वाद.

तुझं पत्र कोरडं वाटलं. रागावला असशील तर तुझा हक्क आहे.

वस्तुपाठ मुलांना नाही. महांतप्पाला. तुला ते कळलंच असणार. तुझ्यापुढं खोटं बोलून काय मिळालं, हे माझं मलाच समजत नाही.

मी त्याच्या जिवावर उठलेलो नाही, एवढं समजून घे. गेले तीन आठवडे मी हेच तपासतो आहे, मुलाची उत्तरपत्रिका तपासावी तसं. रामलिंगच्या दरीतून वर चढताना एक जागा आहे, तिथं ओढ्यावरून एका खडकावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. खाली गुडघाभर पाणी आणि वाळू. पहिल्या उडीला पट्टा जाईल, असं तूच लिहिलंस. पडेल ती पिशवी. माणूस पडला तरी भिजेल, मरणार नाही. त्याची भाकरी, त्याचं कांबळं, पूजेचं भस्म, सगळं ओढ्यात. मग मंडळ वर हुरडा भाजेल आणि हा ओल्या अंगानं बसेल. मी काही बोलणार नाही. फक्त विचारीन, “वकीलसाहेब, सापडलं का?”

हे वाचून तू म्हणशील, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाची ही पोरकट करमणूक. मीही म्हणालो. पण शरणू, या एका वाक्यानं मला गेल्या महिन्याभरात जितकी शांत झोप दिली तितकी पूजेनं दिली नाही. हे लिहायला लाज वाटते आणि तरी लिहितो.

आता तुझा प्रश्न. टोकं मी पाहिली. एक टोक माझ्या सदऱ्याच्या गुंडीत अडकलेलं होतं, उंदरानं कुरतडल्यासारखं. दुसरं करडगीबरोबर गेलं. पट्ट्याची कड कडक होती, त्यावर वकिलाचा हिसका. तुझा दोष थोडा, त्याचा फार. आपल्या मठाच्या स्वामींनाही मी असंच सांगितलं, आणि त्यांनी नवं लिंग दिलं. त्या दिवशी ते म्हणाले, “दोरा तुटला तर माणसाचा इलाज नाही.” ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

पिशव्या महिनाअखेर येऊ देत.

शांतलिंग


सोलापूर,
ता. २७ डिसेंबर १९४६

ती. अण्णांस शरणार्थ.

पिशव्या हणमंतप्पाबरोबर पाठवतोय. आमच्या दुकानातला जुना माणूस, भरवशाचा. निजामाच्या हद्दीवर करोडगिरी नाक्यावर लष्करी माल म्हणून अडवतील, त्यासाठी पावती त्याच्यापाशी आहे.

सहा चोख. सातवीला लाल दोरा आहे.

एक ऐका. कुणालाही द्यायच्या आधी प्रत्येक पिशवी स्वतः उघडून बघा. आतून, कप्प्यांसकट, पट्ट्यांसकट. लाल दोऱ्याची तर बघाच. तुम्ही वह्या तपासणारे मास्तर, तुम्हाला जास्त सांगत न्हाय.

शरणबसप्पा


कळंब,
ता. २ जानेवारी १९४७

चि. शरणू यास आशीर्वाद.

पिशव्या सोमवारी पोचल्या. माल पाहून मंडळ तुझ्यावर बेहद खूश आहे. बेंबळीचा आमचा एक सोबती बलभीम तर पिशवी पाठीवर घालूनच बाजार करून आला.

तुझा हणमंतप्पा मात्र वयानं चळला आहे. नाक्यावरच्या शिपायानं सहा पिशव्या उलट्या करून झटकल्या. सातवी यानं सबंध वाट मांडीवर धरली होती, ती सोडेना. म्हणाला, “साहेब, ही उघडायची तर माझ्या मांडीवरच उघडा. हिच्यात आमचा माणूस हाय.” शिपायानं वेडा समजून सोडून दिलं. घरी आल्यावर मी सगळ्या पिशव्या ओसरीवर जमिनीवर रचल्या, तर यानं लाल दोऱ्याची उचलून खुंटीला टांगली. मी म्हटलं, “का हो?” तर म्हणे, “असू द्या की, मालक.” कुजक्या पट्ट्याचं तू त्याला सांगितलं असशील आणि तो जपत असेल, असं मी समजलो. दोन दिवस राहून, नात्यातल्या एका घरी तेरखेड्याला जाऊन, तो परत निघाला.

तुझी वहिनी इरम्मा म्हणाली, “उन्हात टाकून, उलट्या करून झटकून द्या सगळ्या. लष्करातले ढेकूण असतील.” मी सहा झटकल्या. सातवीपाशी गेलो, पट्ट्याला हात लावायला धजलो नाही. उघडलीही नाही. एकदा तो कुजका भाग बोटाखाली कुरकुरला असता तर माझ्यानं ती दिली गेली नसती, हे मला ठाऊक होतं. म्हणून न बघता दिली. हे मी तुला प्रामाणिकपणे सांगतो.

काल सायंकाळी वकिलाच्या ओसरीवर वाटप झालं. त्यानं पिशवी हातात घेतली, उंच धरली, फिरवून पाहिली. मी त्याच्या बोटांकडं बघत होतो.

“मास्तर, माल चांगला निवडलात. छातीवर पट्टा नाही तो?”

“नाही.”

“बरं झालं. मग कुणाला नावं ठेवायला जागा उरली नाही.” पुन्हा सगळे हसले. पण तो हसला नाही, उगाच माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “आदल्या दिवशी भरीन. माझं सामान ते काय, एक कांबळं, दोन भाकऱ्या.”

शरणू, घरी येताना मी शीळ घालत होतो. कॉलेज सोडल्यापासून मी शीळ घातलेली नाही.

तुझा,
शांतलिंग


सोलापूर,
ता. ६ जानेवारी १९४७
(हणमंतप्पाच्या हाती)

ती. शांतलिंगअण्णांस शरणबसप्पाचे शरणार्थ.

टपालाचा भरवसा न्हाय, म्हणून हणमंतप्पाला पुन्हा पाठवतोय. हे पत्र एकटेच असताना वाचा.

लाल दोऱ्याच्या पिशवीत, पाठीकडच्या आतल्या कप्प्यात, तुमचं इष्टलिंग आहे.

नवं न्हाय. तुमचं. चांदीची तीच करडगी, झाकणावर बेलाचं पान, कडेला चेप. तुम्ही पहिलं पत्र पाठवलंत, त्यात लिहिलंत पट्ट्यानं दोरा कापला. मला वाटलं, बघू तरी आपल्या पट्ट्याची कड. दोन वर्षांनी खुंटीवरनं पिशवी काढली. कड दुमडून शिवलेली, लोण्यासारखी मऊ. तिनं रेशीम बी कापलं नसतं. मग हात आत घातला. बाहेरच्या कप्प्याच्या तळाशी एक टाका सुटलेला होता. तो माझा दोष, कबूल. त्या फटीतनं खाली अस्तरात काहीतरी जड उतरलं होतं. अस्तर उसवलं.

शिवदोरा तुटलेला न्हाय, अण्णा. करडगीभोवती साडेतीन वेढे देऊन, टोक आत खोचलेलं. तुमचे वडील नवा शिवदोरा असाच गुंडाळून ठेवायचे. वाऱ्यानं असं होत न्हाय, वकिलाच्या हिसक्यानं बी न्हाय. तुम्ही आपल्या हातानं गळ्यातनं काढून कप्प्यात ठेवलंत.

तरी मी तुम्हाला विचारलं. चार डिसेंबरला विचारलं तेव्हा करडगी माझ्या देवघरात होती. वाटलं, आता तरी सांगाल. तुम्ही लिहिलंत, टोक गुंडीत अडकलं होतं, उंदरानं कुरतडल्यागत.

तुमच्या चिठ्ठीनं काय झालं ते आता ऐका. कळंब, बेंबळी, येडशी, जिथं जिथं आपले लोक, तिथनं माझ्याकडं येणं बंद झालं. ज्याच्या पट्ट्यानं लिंग तुटतं त्याच्याकडनं कोण शिवून घेणार? ते सोसलं. पण अव्वा. तिनं ती चिठ्ठी वाचून घेतली आणि त्या दिवसापासून सोमवारी पाणीसुद्धा तोंडात घेतलं न्हाय. म्हणायची, “माझ्या लेकाच्या हातानं बहिणीच्या लेकाचं लिंग गेलं, हे मी फेडते.” शेवटचा सोमवार तिनं तापात काढला. नागम्मा चमच्यानं पाणी देत होती, ती तोंड फिरवत होती. माझ्याकडं बघून. मी पापी म्हणून.

तुम्हाला वकील दोन दिवस उपाशी बसायला पाहिजे होता. माझी अव्वा दीड वर्ष बसली. मग सूड मी घ्यायचा न्हाय तर कुणी?

हे करताना मी बी भ्यालो. लिंग मालासारखं पाठवायचं म्हणजे काय, हे मला कळतं. एकवीस दिवस पूजा केली, रेशमात बांधलं, आणि हणमंतप्पाला एवढंच सांगितलं, ही पिशवी जमिनीला टेकवू नको. पुढचं त्यानं विचारलं न्हाय. तुम्ही मात्र ती जमिनीवर रचलीत.

तुम्हाला एक वाट ठेवली होती. उघडून बघा, म्हणालो होतो. पट्टा बघायला जरी हात घातला असता, तर देव तुमचा तुम्हाला मिळाला असता, कुणाला कळलं नसतं. तुम्ही बघितलं न्हाय, कारण तुम्हाला ती द्यायचीच होती. आता वकील भरायला घेईल तेव्हा त्याच्या हाताला लागेल. आपल्यातलाच आहे, गुंडाळलेला दोरा बघून त्याला सांगावं लागणार न्हाय.

आणि पट्टा. तो मी बदललाय. नवा घातला, दुहेरी टाका घातला, वर तोच रंग दिला. माझ्या दुकानातनं खोटा पट्टा आधी कधी गेला नव्हता, आता बी गेला न्हाय.

शरणबसप्पा


कळंब,
बुधवार, ता. ८ जानेवारी १९४७

चि. शरणबसप्पा यास,

हणमंतप्पा दुपारी आला. पत्र देऊन, पाणीही न घेता, मारुतीच्या पारावर जाऊन बसला आहे. हे उत्तर त्याच्याच हाती देतो.

तुझं सगळं खरं आहे.

करडगी पट्ट्याखाली येऊन छातीच्या हाडावर दाबत होती. चढ उभा होता. माझी धाप सगळ्यांना ऐकू येत होती आणि तिची मला लाज वाटत होती. वाटलं, वर पोचेपर्यंत. झुडपाआड उभं राहून काढली, दोरा गुंडाळला, कप्प्यात ठेवली. वर आल्यावर हात घातला तर कप्पा रिकामा. तेव्हा ‘काढून ठेवलं होतं’ हे तीन शब्द मला बोलता आले नाहीत. वकिलानं पट्टा ओढला होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. ते माझ्या तोंडात आपोआप आलं. आणि पिशवी पुन्हा नीट चाचपायची सोडून मी उपाशी बसलो, कारण चाचपली असती तर कप्प्याचं नाव निघालं असतं.

आणखी एक, जे मी तुला कधीच लिहिलं नाही. ते दोन दिवस मंडळ हुरडा भाजत होतं, पण महांतप्पा नव्हता भाजत. तो वाटाड्या बिराप्पा धनगराला घेऊन ती सबंध उतरण पायाखाली घालत होता. दुसऱ्या दिवशी वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांत बाभळीचे काटे होते. बिराप्पा म्हणाला, “मास्तर, म्या कुसळ कुसळ हुडकलं. दोऱ्याचा एक धागा बी न्हाय घावला.” वकील सुईनं काटे काढत माझ्याकडं बघत राहिला. नकला, टोमणे, ते सगळं त्यानंतरचं. तो मला वेडावत होता की दोन वर्षं तोच एक प्रश्न विचारत होता, हे आज मला सांगता येत नाही. मी त्याचा द्वेष केला तो त्याच्या चेष्टेमुळं नाही. त्याच्या हातातल्या काट्यांमुळं.

पत्र वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो, म्हणजे मी कोण आहे ते तुला कळेल. मावशी आली नाही. पहिलं हे आलं, की आत्ता जावं, म्हणावं, “वकीलसाहेब, पट्टा कच्चा निघाला, बदलून देतो,” आणि पिशवी घरी आणावी. देव मिळेल, खोटं झाकलं जाईल, आणि तुझा सूड वाया जाईल. मी टोपीसुद्धा घातली. दाराशी इरम्मानं विचारलं, “कुठं निघालात?” आणि माझ्या तोंडून “पट्टा” एवढं निघालं. मग मी टोपी काढली.

मावशीची नंतर आठवण झाली. ती तोंड फिरवताना तुझ्याकडं बघत होती, हे वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही.

तू सूड घेतलास आणि तो पुरा घेतलास. मी तुझी क्षमा मागत नाही, कारण तू देणार नाहीस आणि देऊ नयेस. माझाही तुझ्यावर राग आहे. माझा देव तुझ्या देवघरात होता आणि तू मला दोऱ्याची टोकं विचारलीस. हे मी विसरणार नाही. तूही काही विसरू नकोस. कळंबात मात्र ज्याला ज्याला तुझ्या पट्ट्याबद्दल सांगितलं, त्याला त्याला खरं सांगेन. मठात स्वामींनाही. ते नवं लिंग परत मागतील तर देईन.

वकिलानं पिशवी उघडली की नाही, मला ठाऊक नाही. आदल्या दिवशी भरीन म्हणाला होता, म्हणजे उद्या. पण आज बाजारात दोनदा समोर आला आणि एकदाही “देव सापडला का” असं विचारलं नाही. त्याचा अर्थ मला लागत नाही. सापडला असेल तर तो गप्प का, आणि नसेल तर तो गप्प का?

स्वामींनी दिलेलं लिंग आज मी पूजेला घेतलं नाही. म्हणून दुपारपासून अन्न नाही, पाणी नाही. या वेळी कुणी बघत नाही. इरम्मालासुद्धा पोट बिघडल्याचं सांगितलं आहे. हेही खोटंच, हे लिहिताना कळलं.

रोजनिशीत उद्याच्या पानावर एकच काम लिहून ठेवलं आहे:

सकाळी महांतप्पाच्या घरी जाऊन पिशवी त्याच्याच हातानं, माझ्यासमोर, आतल्या कप्प्यापर्यंत उघडायला लावणे.